परग्रहवासीयाची कंबर एक्केचाळीस

तुम्ही कधी परग्रहावरचा माणूस शिवला आहे का? मी शिवला आहे. घरच्या मशीनवर, दोन दिवसांत, आणि तोही अस्तरासकट.

मी घरी शिवणकाम करते. दहावीनंतर शिवणाच्या वर्गाला गेले, तेव्हापासून सत्तावीस वर्षं मशीनपुढेच बसले आहे. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या तपासणं हे त्यांचं काम. सकाळी पाणी सुटायच्या आत खात्याचा राखाडी डगला घालायचा, कपाळाला बॅटरी बांधायची आणि एकेका टाकीत डोकं खुपसून बघायचं. माणूस अगदी सरळमार्गी. फक्त एक गोष्ट सोडली तर.

ह्यांना राखाडी लोकांचं वेड आहे. राखाडी म्हणजे उडत्या तबकडीतून येतात म्हणे, ते. मोठं टक्कल, बदामासारखे काळेभोर डोळे, नाक नसल्यातच जमा, आणि ओठांच्या जागी नुसती एक चीर. त्यांच्यात बुटके आणि उंच असे दोन प्रकार असतात. (हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. इतर बायकांना दुसऱ्या दिवशी काय कळतं, मला माहीत नाही.)

ह्यांच्यासारखेच आणखी दहाजण गोळा होऊन त्यांचं एक मंडळ झालं आहे. मंडळाची एक जाडजूड वही आहे, 'प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या नोंदी' अशी. एकोणीस वर्षांत तिच्यात एकही नोंद झालेली नाही. ऑफिसात ह्यांना 'ग्रहसाहेब' म्हणतात. माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं, तर तोंडावर म्हणतात, "अरे, आकाशातलं दिसतं तुला, मग स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो कसा दिसत नाही?" हे हसण्यावारी नेतात. पण त्या दिवशी वाचनालयाचं पत्र आलं, 'रविवारी सायंकाळी पाच वाजता आपलं व्याख्यान ठेवलं आहे', आणि हे खुर्चीत बसूनच राहिले.

"अहो, चांगली बातमी आहे ना? मग चेहरा असा का?"

"अगं, जन्मात पहिल्यांदा व्यासपीठावर उभा राहणार मी. एकच वाटतं. एकदा, फक्त एकदा, मी या विषयावर बोलत असताना कोणी हसू नये."

 मी लगेच विचारलं, "स्टेजवर ठेवायला एखादा राखाडी नको का?"

"हवा होता. पण दुकानातला मिळाला तो दात काढून हसतोय."

"मग त्यात काय! मी शिवते."

झालं. तोंडातून शब्द गेला आणि मी अडकले.

आता आमच्या घरातली माप घेण्याची पद्धत सांगते. मी टेप लावते आणि आकडे बोलते, हे चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी मशीनशेजारच्या तारेला टोचतात. कपडा शिवून झाला की चिठ्ठी फाडायची. व्याख्यानासाठी ह्यांना नवा सूट हवा होता. तो मी आधीच शिवून टाकला होता. चिठ्ठी मात्र फाडायची राहिली होती. नंतर ह्यांनी पुस्तकांतून राखाडी माणसाची मापं काढली आणि तीही तारेला टोचली. नाव दोन्हींवर नव्हतं. नवऱ्याच्या चिठ्ठीवर कोण नाव घालतं? आणि परग्रहावरच्याला नाव कुठलं?

मी हाताला लागली ती चिठ्ठी ओढली. अक्षर ह्यांचंच होतं.

छाती अडतीस, कंबर एक्केचाळीस. डावा खांदा पाऊण इंच उतरता. पोट पट्ट्याच्या खाली. पाय किंचित बाहेर वाकलेले.

तुम्ही म्हणाल, बाई, इतकं वाचूनही तुमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. एक तर आकडे कागदावर उतरले की माझ्या डोक्यातून जातात. आणि दुसरं म्हणजे, धंद्याचा नियम. गिऱ्हाइकाच्या पोटाबद्दल शिंपिणीने चकार शब्द काढायचा नसतो. गावात कोणाचं पोट केवढं आणि कुठून सुरू होतं हे मला ठाऊक आहे, पण आजवर या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. मग इतक्या लांबून आलेल्या माणसाची लाज मी काढू? प्रवासात बसून बसून सुटत असेल पोट, म्हटलं. उलट त्या उतरत्या खांद्यात मी असा सुरेख कापूस भरला, की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

ह्यांनी त्याला आधी पाहायचं नाही असं ठरवलं होतं. "साक्षीदाराला जसा एकाएकी दिसतो, तसाच मला दिसू दे," म्हणाले. त्यामुळे राखाडी चादरीत गुंडाळून वाचनालयाच्या हॉलवर गेला.

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत ह्यांचे साहेब, शेजारी मी, माझ्या शेजारी वन्सं. हे नव्या कोटात व्यासपीठावर गेले, दोन घोट पाणी प्यायले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "मित्रहो, हा पाहा उंच राखाडी!" आणि चादर ओढली.



दोघं शेजारी शेजारी उभे होते. तोच उतरता खांदा. तेच पट्ट्याखालचं पोट. तेच फाकलेले पाय. वर दिव्याखाली दोन टकलं सारखीच चमकत होती. फरक इतकाच, की एकाच्या अंगात कोट होता.

वन्संनी माझा दंड धरला. "अगं ए, हा तर आमचा धाकटा!"

"वन्सं, हळू!"

"हळू काय? तू भावाला माझ्या कापूस भरून उभा केलास?"

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पाया पडते तुमच्या, बोलू नका."

मागे कुठेतरी खुसखुस सुरू झाली. साहेबांनी रुमाल तोंडाशी नेला. हे कागदांत पुढचं वाक्य शोधायला लागले, आणि मी डोळे मिटून घेतले. सत्तावीस वर्षांच्या शिवणकामात मी कधी कोणाचा कपडा बिघडवला नव्हता. बिघडवला तो नेमका नवऱ्याचा एकुलता एक दिवस.

तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला. "थांबा! मी ह्याला पाहिलंय!"

शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या कधी चेष्टा करत नाहीत. त्यांना ती येतच नाही.

"गेल्या मंगळवारी, उजाडायच्या सुमाराला, आमच्या गच्चीवर. अगदी हीच अंगकाठी. हाच खांदा. कपाळातून प्रकाश येत होता. पाण्याच्या टाकीत वाकून काहीतरी बघत होता."

खुसखुस थांबून सगळ्या माना मागे वळल्या.

"माझ्याही गच्चीवर आला होता!" न्हावी उठला. "मी 'कोण आहे?' म्हणून ओरडलो, तर त्याने नुसता हात वर केला आणि शिडीवरून उतरून गेला."

"आमच्या टाकीचं झाकण उघडून त्याने पाण्याचा वास घेतला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एक झाला, दोन झाले, बघता बघता दहा हात वर झाले. मंडळाचे सेक्रेटरी वही घेऊन रांगांमधून धावत होते आणि धावताना डोळे पुसत होते. साहेबांनी रुमाल खिशात टाकला आणि गंभीरपणे विचारलं, "पण त्यांना आपल्या पाण्यातच एवढा रस का?" (महिन्याला तपासणीचे कागद हेच साहेब सही करून मंजूर करतात.)

आणि ह्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं! माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, हेच खरं. त्यांचा आवाज मोकळा झाला. ते त्या राखाडीच्या खांद्यावर हात ठेवून तासभर बोलले, आणि कोणी हसलं नाही.

शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, "आणखी कोणी पाहिलंय?"

वन्सं उभ्या राहिल्या.

मी त्यांचा पदर धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. त्यांनी एकदा त्या कापसाच्या पुतळ्याकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं. सहावीत पहिला नंबर आल्यावर मुलं जशी उभी राहतात तसे हे उभे होते. वन्संचा आवाज एकदम खाली आला.

"मीपण पाहिलंय ह्याला. अगदी लहानपणापासून पाहते आहे. फार गरीब आहे हो. कोणाला त्रास देत नाही."

टाळ्यांनी हॉल दणाणला.

घरी आल्यावर मी तारेवर राहिलेली चिठ्ठी पाहिली. छाती बावीस, कंबर अठरा, हात गुडघ्यापर्यंत. ती मुठीत धरून मी ह्यांच्यापुढे उभी राहिले. खोटं मला पचत नाही.

"अहो, एक सांगायचं होतं. तो राखाडी मी..."

"तू काही बोलू नकोस," हे म्हणाले. "अगं, पुस्तकात लिहिलेली मापं सपशेल चुकीची आहेत! तू कसा गं त्याला इतका बरोबर शिवलास? अकरा माणसांनी ओळखला!"

"अंदाजाने," मी म्हटलं आणि चिठ्ठी पोळपाटाखाली सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत सेक्रेटरी वही घेऊन दारात हजर झाले. बारावी नोंद झाली होती. समोरच्या इमारतीतल्या दोन बायकांनी आमच्याच मजल्याच्या खिडकीत त्याच जातीची मादी पाहिल्याचं लिहून दिलं होतं. गळ्यात लोंबणारी लांब पिवळी शेपटी, ओठांतून बाहेर आलेले टोकदार चमकते सुळे, आणि बांधा ठेंगणा व चौफेर. पुढच्या व्याख्यानाला जोडी हवी, असं मंडळाने एकमताने ठरवलं होतं. हे म्हणाले, "माप कुठून आणायचं, हाच प्रश्न आहे." मी गळ्यातला टेप काढला, तोंडातल्या टाचण्या डबीत ठेवल्या आणि कापड बेतायला घेतलं. कमरेला चार इंच कमी धरले.