दामूनानांची विलायती

दामूनाना आमच्याकडे चहाला येतात तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जिन्यात एकदा बॉनेट उघडतात. म्हणजे शर्टाची वरची तीन बटणं. वळणावर थांबायचं, कठड्याला टेकायचं, बटणं सोडायची, टोपीने छातीवर वारा घालायचा आणि वर बघून ओरडायचं, "बाय, पानी आन! रेडिएटर तापला!" मी तांब्या घेऊन खाली पळते. अर्धं पाणी ते पितात, अर्धं डोक्यावर ओततात आणि डोळे मिटून उभे राहतात. मग बॉनेट बंद, पुढचा मजला चालू. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षा आली तोवर नाना आमच्या सोफ्यावर बसून बशीतून चहा ओढत होते. रिक्षावाल्यालाही त्यांनी वर बोलावून चहा पाजायला लावला.

मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे बैलसुद्धा शर्यतीत पळतात, तिथे माणसांचं काय सांगू! लग्न होऊन इकडे सरावलीला आले, तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, आणि तेव्हापासून माझी स्कूटी आणि मी दोघीही जमिनीला पाय लावत नाही. अशा बाईच्या शेजारी देवाने दामूनाना आणून ठेवले.

आमच्या बिल्डिंगच्या भिंतीला लागून त्यांचं कौलारू घर. घरापुढे आंब्याखाली विलायती. विलायती म्हणजे ट्रक. इंग्लंडमध्ये जन्मलेला, बोटीतून आलेला, फुगीर नाकाचा, बटाट्याएवढ्या दिव्यांचा. नाकावरची कंपनीच्या नावाची अक्षरं कधीच गळून पडलीत. "नाव कशाला पायजे? आवाजावरून वलखतात," असं नाना म्हणतात. ते खरंच आहे. रविवारी सकाळी ते विलायती चालू करतात तेव्हा आमच्या मांडणीतल्या ताटल्या आपोआप वाजायला लागतात.

आवाज एवढा, पण जोर म्हणाल तर नावालाही नाही. "सायबानं गाडी केली हत्तीएवडी, अन् इंजिन टाकलं शेलीचं," हे नाना अगदी अभिमानाने सांगतात. याच गाडीतून त्यांनी उभा जन्म सातपाटीची मासळी वाघोबाच्या खिंडीतून मनोरच्या बाजाराला नेली. मालकाने गाडी भंगारात काढली तेव्हा त्यांनी ती घरी आणली. सातपाटीच्या कोळणी त्यांना अजून सोडत नाहीत. बाजारात दिसले की एखादी तरी हाळी देते, "दाम्या, तुज्या गाडीत बोंबील ओला टाकला का मनोरला सुका उतरायचा रं!" नाना यावर रागवत नाहीत. उलट मला कोपराने ढोसतात आणि म्हणतात, "वालवायची मजुरी वाचवली यांची."

खिंडीच्या गोष्टी तर विचारू नका. डॅशबोर्डवर एक खुंटी होती, ती ओढून ठेवली की पाय न लावता रेस राहायची. चढावर नाना खुंटी ओढायचे, दार उघडायचे आणि खाली उतरून गाडीबरोबर चालत चालत तंबाखू मळायचे.

"आणि स्टिअरिंग?" मी विचारलं.

"येक हात खिडकीतून आत."

"आणि मळायला?"

नानांनी टोपी सरळ केली. "मंग किलिनर मलायचा," म्हणाले.

त्यांच्या लेखी हल्लीच्या गाड्या गाड्याच नव्हेत. "या पलतात गो. चालनारी गाडी येगली." एकदा नाक्यावर विलायतीमागे एमआयडीसीतला टँकर अडकला. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला आणि शेवटी खिडकीतून ओरडला, "चाचा, चल रही है कि खड़ी है?" नानांनी मान बाहेर काढून शांतपणे सांगितलं, "चल रही हाय. तुम खाली उतरके देखो, तब मालूम पडेगा." तो खरंच उतरला, बघितलं आणि हसत सुटला. तेव्हापासून तो नानांना नमस्कार करूनच पुढे जातो.

मी मात्र त्यांच्याशी भांडत असे. मला दवाखान्यात सोडायला निघायचे ते विलायतीतून, आणि माझा नंबर जाऊन दुसऱ्याचंही औषध संपायचं. मी चिडले की एकच उत्तर. "घाय कोनाला हाय?" मला, नाना! मला आहे घाई!

या सगळ्यात त्यांच्या बाजूने उभी राहणारी एकच, त्यांची नात पल्लवी. मुलगी-जावई वापीला नोकरीत. पल्लवी बोबडं बोलत होती तेव्हा आजी-आजोबांकडे आली ती इथेच वाढली. आजी गेल्यापासून त्या घरात ही दोघंच. विलायतीचं तेलपाणी पल्लवी बघणार, पल्लवीचा डबा नाना भरणार, आणि डब्यात मीठ जास्त झालं म्हणून दोघं आंब्याखाली तासभर वाद घालणार.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा मासवणचा, लग्न मुलाच्या दारात. मुहूर्त दुपारचा आणि पावसाळ्यापूर्वीचा शेवटचा. तो चुकला तर थेट दिवाळीनंतर, हे मुलाच्या आईने तीन वेळा बजावलं होतं. वऱ्हाडाला बस ठरली. आणि नवरी म्हणाली, "मी नानांच्या गाडीतून जाणार."

तिच्या आईने कपाळावर हात मारला. मी तर दोन्ही मारले, कारण पाठराखीण म्हणून मला नवरीबरोबर जायचं होतं.

उजाडताच निघायचं, असा नानांनी हट्ट धरला. विलायतीच्या गळ्यात झेंडूची माळ, मागे हौद्यात गल्लीतल्या बायका, पुढे केबिनमध्ये नाना, मधे पल्लवी, खिडकीशी मी. पुढून हँडल फिरवून इंजिन चालू करायला माझा नवरा. सातव्या फेरीला इंजिनाने एक शिंक दिली, नवरा मागच्या मागे तुळशीत बसला आणि बायकांनी त्याच्यावर अक्षता टाकल्या.

पालघरपर्यंत आम्हाला सगळ्यांनी मागे टाकलं. दुधवाल्यांनी, उसाच्या रसाच्या गाड्याने, आणि आमच्यामागून बऱ्याच वेळाने निघालेल्या वऱ्हाडाच्या बसनेही. बसच्या खिडकीतून पल्लवीची आई अर्धी बाहेर येऊन ओरडली, "बाबा, मुहूर्त हाय, मुहूर्त!" नानांनी तिला प्रेमाने हात केला.

खिंडीच्या पायथ्याशी त्यांनी फर्मान काढलं, "बायांनो, उतरा. इंजिन हाय, देव नाय." सगळ्या उतरल्या आणि गाडीबरोबर चालत गाणी म्हणायला लागल्या. मग नवरी उतरली. शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, चपला हातात, मुंडावळ्या वाऱ्यावर, आणि खिडकीतून आजोबांशी गप्पा! एक मोटरसायकलवाला थांबला, "गाडी बंद पडली का?"

"बंद नाय, चढते!" नाना आणि नवरी एकदमच ओरडले.

मी वर केबिनमध्ये एकटी बसून घड्याळाकडे बघत होते. मग मलाच लाज वाटली. मीही उतरले, आणि खोटं कशाला सांगू, भर उन्हात त्या चढावर मी फुगडीसुद्धा घातली. चार फेर घेऊन थांबलो तरी विलायती आमच्या जवळपासच होती.

माथ्यावर वाघोबाला नारळ फोडला. रेडिएटरला पाणी, नानांना पाणी, सगळी परत गाडीत. उतार लागला. नानांनी गाडी दुसऱ्या गिअरला धरली. उतारावर असंच उतरतात, हे एव्हाना मलाही कळायला लागलं होतं. पण उतार संपला, सपाट रस्ता लागला, तरी गाडी दुसऱ्यातच. इंजिन अगदी गळा काढून रडायला लागलं. मागे एसटी हॉर्न मारत होती. माझं जुनं वेड परत उफाळून आलं.

"नाना, सपाट आहे आता! टाका ना वरचा गिअर!"

नानांनी माझ्याकडे न बघता हळूच मान हलवली. नाही म्हणून. मग मी नीट बघितलं. हळदीच्या जागरणाने पल्लवीला गाढ झोप लागली होती. तिचं डोकं नानांच्या डाव्या खांद्यावर होतं, मुंडावळ्या त्यांच्या शर्टात अडकल्या होत्या. गिअरचा दांडा डावीकडेच. तो हलवायचा तर खांदा हलणार.

"ल्हान होती तवा रडायला लागली का हितंच आनून बसवायचो," नाना पुटपुटले. एवढ्या आवाजात मला ते जेमतेम ऐकू आलं. "इंजिन चालू केलं का झोपायची. आता जागी झाली का उतरल, बाय."

त्यांचे डोळे रस्त्यावरच होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.  घड्याळात बघितलं तर मुहूर्ताला अजून चिक्कार वेळ होता. उजाडताच निघायचा हट्ट नानांनी इंजिन मंद म्हणून धरला, असं मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते.

झाडांतून मांडवाचं पिवळं कापड दिसायला लागलं, तेवढ्यात माझा फोन थरथरला. पल्लवीची आई.

"अगं, पोचलात कुठं?"

मी फोनवर हात धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

"अजून खिंड चढतोय," मी म्हटलं. "वेळ लागेल."