गुप्तेकाकांचं अर्धं विमान

गुप्तेकाकांकडे जाताना केसांचे आकडे काढून जा, असं डोंबिवलीतली आमची अख्खी बिल्डिंग आपापल्या पोरींना बजावायची. काकांच्या हाताला आकडा लागला की संपलं. वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर, कट्ट! मोडला की काकांचा चेहरा असा खुलायचा, जसं काही नातू झालाय.

"फटीग! धातू थकतो बाळ. फक्त बोलून दाखवत नाही."

"मी दाखवते ना बोलून," आतून काकू. "डोक्यात घालायला एक आकडा ठेवला नाही या माणसाने!"

काका ठाण्याच्या एका कंपनीत स्टोअर्सला होते. कंपनीला टाळं लागलं आणि काका दुपारचे घरी. तेव्हा दुपारी टीव्हीवर कॉलेजची लेक्चरं लागायची, इंग्लिशमधून. आम्ही कॉलेजात असून बघायचो नाही. काका मात्र शर्ट खोचून, केस विंचरून खुर्चीत हजर. विषय विमानाचा सांगाडा. पंख किती वाकतो, पत्रा कुठे फाटतो, असलं. शिकवणारे टकले प्रोफेसर दर वाक्याआधी खाकरायचे. महिन्याभरात काकापण खाकरायला लागले.

गणपतीत मी काकांची नक्कल करायचो. ते प्रोफेसरांची करणार, मी त्यांची. पब्लिक लोळायची. काका पहिल्या रांगेत बसून ऐकायचे आणि नंतर मला बाजूला घ्यायचे. "खाकरणं फस्क्लास. पण पंख उलटा वाकवलास. हवेत वर वाकतो तो."

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "लोड कुठून आला, कुठे गेला?" दहीहंडीला आमचे थर लागलेले, वरचा पोरगा हंडीला हात घालणार, तेवढ्यात काका गर्दीतून पुढे. "थांबा! खालचे लोक म्हणजे खांब. खांब आधी मधेच वाकतो. सांगा बघू, लोड कुठे जातो?"

खालून आमचा जाड्या संत्या ओरडला, "माझ्या मानेत जातो, काका! आता बाजूला व्हा!"

सगळे थर खाली. हंडी वरच. त्या वर्षी काकांना प्रसादाचे पोहेपण कोणी दिले नाहीत.

आता यातली गंमत अशी की काकांना प्रत्येक धडा अर्धाच यायचा. आमच्याकडे दुपारची लाईट जायची, आणि ती हमखास लेक्चरच्या मधे. पंख का वाकतो, हे काकांना पाठ. मोडू नये म्हणून काय करतात, ते अंधारात. पत्र्याला भेग कशी पडते ते सांगायचे, पुढचं विचारलं की हात वर. "तेव्हा गेली ना लाईट."

"अर्ध्या विमानात बसणार कोण?" काकू विचारायच्या.

"उरलेलं मिलिंद सांगेल."

मिलिंद त्यांचा एकुलता एक. हेच शिकायला अमेरिकेला गेलेला. त्याचा फोन आमच्या घरी यायचा, कारण खाली काकांकडे फोन नव्हता. रविवारी मी हाक मारली की दोघं धापा टाकत वर. काकू रडून घ्यायच्या, मग रिसीव्हर काकांकडे. "जेवलास का? थंडी आहे का?" झालं. पुढे नुसतं हं, हं. तिकडून पण हं.

एकदा फोन ठेवून जिन्यात म्हणाले, "थंडीबद्दल किती बोलणार रे माणूस? त्याच्या कामातलं काही आपल्याला विचारता आलं पाहिजे."

"मग विचारा ना आता, येतं की तुम्हाला."

"फोनवर नको. त्याचं मीटर पळतं. आला की निवांत."

आणि मिलिंद आला. बऱ्याच वर्षांनी. मी चॉकलेटसाठी खाली गेलेलो, खोटं कशाला बोलू. काकांनी शर्ट खोचलेला. मिलिंद चहा घेत होता. काका समोर खुर्ची ओढून बसले आणि खाकरले.

"मिलिंद, भेग पडते इथपर्यंत मला आलंय. पडल्यावर ती वाढू नये म्हणून काय करता तुम्ही लोक?"

"कसली भेग, बाबा? भिंतीला?"

"विमानाच्या पंखाला रे."

मिलिंदने काकूंकडे पाहिलं. काकू कपबशा गोळा करायला लागल्या.

"बाबा, ते मी कधीच सोडलं. आता बँकांचं सॉफ्टवेअर करतो."

"कधी सोडलंस?"

"झाली काही वर्षं. फोनवर काय सांगणार? तुम्ही थंडीचंच विचारता."

"हो, तेही खरंच," काका म्हणाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आता आहे का रे तिकडे थंडी?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा स्टोव्ह परत द्यायला गेलो. मिलिंद टीव्हीसमोरच्या कॉटवर गाढ झोपलेला, तिकडची रात्र अजून त्याच्या अंगात होती. टीव्ही चालू, आवाज बंद. प्रोफेसर मुक्याने खाकरत होते. त्या दिवशी लाईट गेली नाही. लेक्चर पूर्ण झालं, शेवटचं गणितसुद्धा. काका टीव्हीकडे बघतच नव्हते. मुलाची चादर सरकलेली, ती त्यांनी वर ओढली, मला खुणेने दाराशी बोलावलं आणि अगदी हळू विचारलं,

"ते बँकेचं लेक्चर कुठल्या वारी असतं रे?"