हवेवरची बंदूक आणि सागवानी दार

रहमतभाई सुतार शनिवारी येऊन दाराच्या कडेच्या पट्ट्या ठोकून जाणार होता. हातोडी त्याची, खिळे त्याचे, चहा पंचफुलाचा. इतकं साधं काम. पण उकंडा म्हणाला, "पट्ट्या मीच ठोकतो," आणि पंचफुलाची तव्यावरची पोळी करपली. (नवऱ्याच्या तोंडून 'मीच' निघालं की घरातलं काहीतरी मोडतं, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव होता.)

उकंडा राळेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचा कारकून. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस शेतातच फस्त केला आणि जिनिंगच्या फाटकात गाड्यांची रांग लागायच्या दिवसांत कुत्री झोपू लागली. कापूस आला की बोलावू, असं सांगून मालकानं त्याला घरी पाठवलं. कापूस काही आला नाही. मोबाइलवर नेट मात्र स्वस्त झालं होतं, त्यामुळं माणूस दिवसभर खाटेवर पडून देशोदेशीच्या सुतारांची कामं बघायचा आणि पंचफुलाला मधूनमधून हाक मारून दाखवायचा.

खरं तर त्या दारात पंचफुलाचा जीव अडकला होता. मागल्या उन्हाळ्यात तिची थोरली बहीण विमलताई वणीहून आली होती. तिनं घराचं जुनं पत्र्याचं दार ढकललं, हात झटकले आणि शेजारीण वच्छलाबाईच्या देखत म्हणाली, "पंचफुला, हे दार हाय का पिप्याचं झाकन?" पंचफुला तेव्हा हसली. पण तो शब्द तिला वर्षभर कुसळासारखा टोचत राहिला. गावभराचे झंपर शिवून शिवून तिनं अस्सल सागवानी दार करून घेतलं. येत्या रविवारी विमलताई पुन्हा येणार होती. तिनं स्वतःच्या हातानं ते दार ढकलून आत यावं, एवढंच पंचफुलाला हवं होतं.

आणि उकंडाला हवी होती बंदूक.

खिळे मारायची बंदूक असते, असं त्यानं सांगितलं. तिचे खिळे बिनडोक्याचे. लाकडात शिरले की बाहेर काही दिसत नाही, हातोडीचे वळ उठत नाहीत. मग कोणती घ्यावी यावर तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना बंदूक, आंघोळीच्या पाण्याला विसण घालताना बंदूक. विजेवरची घ्यावी तर राळेगावात लाइनचा भरवसा नाही. बॅटरीवरची घ्यावी तर बॅटरी चार्ज करायला पुन्हा लाइनच. शेवटी हवेवर चालणारी एक सापडली, तेव्हा तो खाटेवर उठून बसला.

"हवा तं कोनी बंद करू शकत नाही न?" तो म्हणाला.

पंचफुलानं हात जोडले. तिकडं उकंडानं बंदूक मागवल्याची बातमी गावात पसरली आणि दोघं शेतकरी सकाळीच दारात येऊन बसले. रानडुकरांनी त्यांचा भुईमूग उकरला होता. एका रात्रीपुरती बंदूक द्या म्हणत होते. ती फक्त लाकडावर चालते हे त्यांना पटेना. पंचफुलानं चहा पाजून त्यांची समजूत काढली. (उकंडा त्या वेळी ती डुकरावर चालेल का, हे मोबाइलवर बघत होता.)

पार्सल आलं शनिवारी. रहमतभाई तोवर फुलसावंगीला लग्नाला निघून गेला होता. उकंडानं बंदूक काढली, दारावर टेकवली, घोडा दाबला. काही नाही. फुंकर मारून पाहिली. मग कळलं, की तिला साधी हवा चालत नाही, दाबलेली लागते. आणि हवा दाबायचं मशीन समोरच्या शहजादच्या पंक्चरच्या दुकानात होतं. ते डिझेलवर चालायचं, म्हणजे लाइनची कटकट नव्हती. फक्त त्याची नळी दुकानाच्या पायरीपर्यंतच पोचत होती.

"नळी घरापर्यंत येत नाही, तं दार तिकडं नेऊ," उकंडा म्हणाला.

"उद्या ताई येऊन राह्यली. राहू द्या ना त्या पट्ट्या," पंचफुला कळवळून म्हणाली.

पण ऐकेल तो उकंडा कसला. रविवारी सकाळी त्यानं आणि शहजादनं बिजागऱ्या सोडवून दार उचललं, रस्ता ओलांडून नेलं आणि गिऱ्हाइकांच्या लांब बाकड्यावर आडवं ठेवलं. उघड्या चौकटीतून कोंबड्या आत शिरल्या. पंचफुला त्यांना हाकलत होती आणि तिकडून फटाफट आवाज येत होते. थोड्याच वेळात उकंडानं तिला बोलावलं. पट्ट्या खरंच सुरेख बसल्या होत्या. खिळा एकही दिसत नव्हता. तिनं हात फिरवला आणि तिला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी काही मोडलं नाही.

मग उकंडा आणि शहजादनं दार उचललं, तर खालून बाकडंही वर आलं.

उकंडानं मजबुतीसाठी सगळ्यात लांब खिळे मागवले होते. ते पट्टीतून दारात, दारातून बाकड्यात गेले होते. शहजादनं पक्कड आणली, पण पकडायचं काय? खिळ्यांना डोकंच नव्हतं.

"भाभी, जोर लावला तं सागवान फाटंल," शहजाद म्हणाला. "रहमतचाचा उद्या येते. तोवर राहू द्या."

पंचफुलानं डोळे मिटून घेतले. मग नवऱ्याकडं न बघता घरी आली, चौकटीत वरवंट्यानं दोन खिळे ठोकले, दोरी ताणली आणि फुलाफुलांची चादर अडकवली. दोन मिनिटांचं काम.

ती चादर नीट करते आहे तोच रस्त्यावर बस थांबली. विमलताई उतरली. उन्हानं लाल झालेली, हातात पिशव्या. समोर पंक्चरच्या दुकानापुढं ऐसपैस बैठक दिसताच ती तिच्यावर टेकली आणि पिशवी दाराच्या मुठीला अडकवली. पंचफुला धावत गेली, पण उशीर झाला होता. वर्षभर जे दार ढकलायला लावायचं होतं, त्याच्यावर ताई मांडी घालून बसली होती.

"मस्त बाकडं बनवलं ओ शहजाद," ताई हात फिरवत म्हणाली. "पिशवी अडकवायले मूठ बी देली. आन् खिळा कुठी दिसत नाही. कोनं बनवलं?"

पंचफुलानं नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा प्रयत्न केला. पाय पोचेपर्यंत त्याचं तोंड उघडलं होतं.

"मीच," उकंडा म्हणाला.

विमलताईनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. मग तिची नजर रस्त्यापलीकडं वाऱ्यावर उडणाऱ्या चादरीकडं गेली. त्या क्षणी एक कोंबडी चादरीखालून बाहेर आली.

"मंग जवाईबापू," ताई म्हणाली, "हातात येवढी कला हाय, तं गावाले बाकडे बनवून देता आन् सोताच्या घराले एक दार काहून नाही बनवत?"

उकंडानं बायकोकडं पाहिलं. पंचफुला वळली आणि तरातरा घराकडं निघाली. आत जाऊन दार असं धाडकन आपटावं, की सगळ्या राळेगावला ऐकू जावं, असं तिच्या फार मनात होतं. पण चादर कितीही जोरात ओढली तरी तिचा आवाज होत नाही.