दिघेकाकू आणि दाराआडचा गणपती

ड्युसेलडॉर्फमधल्या आमच्या बिल्डिंगच्या नियमावलीत एक कलम आहे: बाल्कनीत कपडे, गालिचे आणि पापड वाळत घालू नयेत. 'पापड' हा शब्द असलेली अख्ख्या जर्मनीतली ही बहुधा एकमेव हाउसऑर्डनुंग असावी, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या शेजारीण दिघेकाकूंचं.

झालं असं, की एका उन्हाळ्यात काकूंनी बाल्कनीत पापड घातले. बिल्डिंगची देखरेख करणारा हाउसमाइस्टर वर आला आणि हे चालणार नाही म्हणाला. काकूंनी त्याला त्यांचा ठेवणीतला प्रश्न टाकला. "लिहिलंय कुठे?" जर्मनीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण सगळंच कुठे ना कुठे लिहिलेलं असतं. त्याने नियमावली आणली. कपड्यांचं होतं, गालिच्यांचं होतं, पापडांचं नव्हतं. पुढच्या महिन्यात तेही आलं. काकूंनी त्या पानाची झेरॉक्स फ्रीजवर लावली आणि कुरडया घालायला घेतल्या.

काकू भांडून पुढे गेल्या की चार पावलं मागून दिघेकाका येत आणि समोरच्याला हळूच 'एन्टशुल्डिगुंग' म्हणत. तीस वर्षं काकांनी त्यांच्या वतीने माफी मागितली असेल. काकूंना ते माहीत होतं. "मागू देत," त्या म्हणायच्या, "त्यांनाही काहीतरी काम हवं."

काका इथल्या एका जपानी मशीन कंपनीत नोकरीला होते. तरुणपणी ट्रेनिंगसाठी तीन महिने क्योटोला राहिले. तिथल्या एका छोट्या देवळात गणपती आहे, पण तो कायम बंद दाराआड. काकांनी दारालाच नमस्कार केला आणि परत आले. झालं, त्या दिवसापासून दिघ्यांच्या घरात वादाला तोटा राहिला नाही.

"तीन महिने राहिलात, आणि एकदा विचारलं नाहीत?"

"अगं, ते उघडत नाहीत."

"लिहिलंय कुठे?"

रिटायर झाल्यावर काकांनीच एका जर्मन ग्रुपबरोबर जपानच्या देवळांच्या टूरवर दोन जागा बुक केल्या. म्हणाले, तूच विचार एकदाचं. आणि त्याच फेब्रुवारीत त्यांना स्ट्रोक आला. हातपाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली. ती परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा काकूंनी सवयीने विचारलं, कुठे लिहिलंय. डॉक्टरने रिपोर्ट पुढे सरकवला. तिथे लिहिलेलं होतं.

काकूंनी तो तीनदा वाचला, घडी घातली आणि घरी आल्यावर मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकला. "सही बघ त्याची. स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, आणि ह्यांचं भविष्य लिहितोय."

तेव्हापासून त्या काकांशी सकाळ-संध्याकाळ भांडू लागल्या. मला ते बघवेना. एकदा बोलले तसं, तर मलाच ऐकून घ्यावं लागलं. "अगं मुग्धा, गोडगोड बोलून ह्यांनी आयुष्यात कधी उत्तर दिलं नाही. वादात मात्र एक तरी वाक्य टाकायचे. एक ना एक दिवस राहवणार नाही त्यांना." मग म्हणाल्या, "मी जाणार जपानला. तो गणपती बघणार आणि ह्यांना येऊन सांगणार. मग बघू कसे गप्प बसतात."

हॅनोव्हरहून मुलगी रोहिणी वडिलांपाशी राहायला आली, आणि काकांच्या जागेवर मी गेले. चार पावलं मागून चालायची ड्यूटी ओघानेच माझ्याकडे आली.

ग्रुपमध्ये बारा रिटायर्ड जर्मन आणि पिवळी छत्री घेतलेला गाइड, हेर म्हणजे श्रीयुत फोगल. पहिल्याच देवळाच्या दारात दगडी कुंड आणि लाकडी पळ्या. हात धुवायचे, चूळ भरायची आणि आत जायचं, एवढंच. फोगल तिकिटं काढायला गेला होता. काकू पुढे झाल्या, उजव्या तळहातावर पाणी घेतलं, पिऊन टाकलं आणि ओला हात डोळ्यांना आणि डोक्याला लावला. मागच्या बाराजणांनी विचार केला, ही बाई भारतातली, हिला ठाऊक असणार. फोगल परत आला तेव्हा सगळा ग्रुप तीर्थ पिऊन टकलांवरून हात फिरवत होता.

पाणी पिऊ नये अशी पाटी शेजारीच होती. मी काकूंना दाखवली. "जपानीत आहे," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही ते लिहिलेलं नसतं." मी फोगलला 'एन्टशुल्डिगुंग' म्हणून आले.

दुपारी एका मठात जेवण होतं. भिक्षूंचं शाकाहारी जेवण, कांदा नाही, लसूण नाही. लाल वाट्या, प्रत्येकीत घासभर काहीतरी. जर्मन मंडळी एकमेकांकडे बघू लागली. काकू मात्र मांडी ठोकून बसल्या. "हे तर आपलं चातुर्मासातलं जेवण. फक्त मीठ घालायचं विसरलेत." तोफूचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "पनीर नापास झालं की हे होतं." आणि पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. बाहेरचं खाणं चालत नाही, फोगल कुजबुजला. पुढचा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. फोगल तो वाढणाऱ्या भिक्षूला विचारायला गेला. भिक्षूने बाटलीचा वास घेतला, एक फोड खाल्ली, डोळे मिटले आणि आपली वाटी पुढे केली. शेवटी बाटली टेबलभर फिरली आणि आमच्या वाट्याला नुसता खार आला.

गणपतीचं देऊळ टूरच्या यादीत नव्हतं. काकूंनी ते फोगलकडून घालून घेतलं. कसं, ते सांगत नाही, मला अजून त्याची लाज वाटते.

आत अंधारात एक लाकडी कपाट, दारं बंद. समोर दोन मोठे मुळे ठेवलेले. तोच तिथला नैवेद्य. "गणपतीला मुळा?" काकू म्हणाल्या. "म्हणून दार लावून बसलाय बिचारा." त्यांनी ड्युसेलडॉर्फहून आणलेला तळणीच्या मोदकांचा डबा उघडून मुळ्यांशेजारी ठेवला. पुजारी ऐंशीच्या घरातले. फोगल मध्ये बसून भाषांतर करू लागला.

"दार उघडा म्हणावं. लांबून आलेय."

पुजारी नम्रपणे नाही म्हणाले. मी पाठीमागे माझं 'एन्टशुल्डिगुंग' तयार ठेवलं.

पण काकूंनी वेगळंच विचारलं. "पुजारीबुवांनी स्वतः बघितलाय का?"

नाही. पन्नास वर्षं रोज दिवा लावतात, पण बघितलेला नाही.

"कधी बघावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटतं," फोगलने सांगितलं. "पण ते म्हणतात, दार बंद असलं म्हणून काय झालं. आत कोणी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."

काकू खाली वाकल्या आणि दारालाच नमस्कार केला. बसमध्ये म्हणाल्या, "ह्यांचंही तसंच आहे गं. दार लागलंय, पण आत आहेत." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, तेव्हा मला भीतीच वाटली. काकू हरल्या तर काकांशी भांडणार कोण?

एअरपोर्टवरून मी त्यांची बॅग घेऊन वर गेले. काका खिडकीपाशी खुर्चीत होते, शेजारी रोहिणी. काकू कोटही न काढता त्यांच्यासमोर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचंच खरं. विचारलं मी. ते उघडत नाहीत. हरले."

काका बघत राहिले. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मग त्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेला. मला वाटलं त्रास होतोय, मी पुढे झाले. काकूंनी हाताने मला थांबवलं.

"लि," काका म्हणाले. थांबले. घशातून नुसती हवा आली. पुन्हा जोर लावला. "लिहि... लंय... कुठे?"

रोहिणी आमच्याशी कायम जर्मनमध्ये बोलते. ती "बाबा, बाबा" म्हणत रडायला लागली. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, मीही मागोमाग गेले. डोळ्यांना धारा लागलेल्या, तशाच त्या मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालून काहीतरी शोधत होत्या. हळदीचे डाग पडलेला तो डॉक्टरचा कागद सापडला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"फ्रीजवर लाव," त्या म्हणाल्या. "पापडाच्या शेजारी."