हायरम टटलची शेवटची बावीस पानं

"यादीतलं एकही पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय मी मुलांच्या हातात देणार नाही!" असं मार्ला स्टबलफील्ड ऑगस्टमधल्या बैठकीत म्हणाली आणि तिथेच फसली. खरं तर कुणी तिला विचारलंही नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा मार्लाचा जुनाच छंद.

बैठक कसली, तर चर्चच्या तळघरात सहा आया कॉफी पीत वर्षभराची वाटणी करत बसल्या होत्या. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या त्या कोपऱ्यातली ही सहा कुटुंबं पोरांना शाळेत न पाठवता घरीच शिकवत. फक्त मंगळवारी सगळी पोरं या तळघरात जमत आणि जिला जे येतं ते ती सगळ्यांना शिकवी. एकीकडे बीजगणित, एकीकडे लॅटिन, शार्लीन पेनिंग्टनकडे जीवशास्त्र आणि बरणीतले बेडूक. आधुनिक इतिहास मार्लाने मागून घेतला होता, आणि वर चोवीस पुस्तकांची यादीही करून आणली होती. कादंबऱ्या, आठवणी, पत्रं, रोजनिशा! धड्यांचं पुस्तक मात्र एकही नाही.

"आणि पाठ्यपुस्तक?" शार्लीनने चष्म्यावरून पाहत विचारलं.

"पाठ्यपुस्तकात पहिलं महायुद्ध दीड पानात संपतं, शार्लीन!"

"मग बरंच आहे की! खाली प्रश्न, मागे उत्तरं. पोरगं काय शिकलं ते आईला कळतं तरी."

शार्लीनचं दुखणं वेगळंच होतं. तिचा सोळा वर्षांचा गिडियन कुठलंही इंजिन तासाभरात सुटं करून परत जोडायचा, पण पुस्तक म्हटलं की त्याला झोप यायची. ऑइलच्या डब्यावरच्या सूचना सोडल्या, तर त्याने आजवर काही शेवटपर्यंत वाचल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"ठरवून टाकू या," शार्लीन म्हणाली. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पोरांचा कार्यक्रम असतो. तोवर माझ्या गिडियनने तुझ्या यादीतलं एक, फक्त एक पुस्तक पूर्ण वाचावं. नाही वाचलं तर जानेवारीपासून पाठ्यपुस्तक."

बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या. "कबूल!" मार्ला म्हणाली. आता हा सगळा अभ्यासक्रम तिने तीन वर्षं खपून जुळवलेला. तो गेला असता तर तिला खरोखरच रडू आलं असतं. आणि तो टांगला कुणाच्या गळ्यात, तर गिडियनच्या!

मार्ला वाचणार होती हो, अगदी मनापासून वाचणार होती. पण सप्टेंबरात टोमॅटो पिकले. ते बाटल्यांत भरून होतात न होतात तोच सफरचंदं आली. मग एक बकरी आजारी पडली. चोवीस पुस्तकांपैकी चार वाचून झाली आणि पाचव्यापाशी गाडी अडकली. तरी वर्गात अडलं म्हणाल, तर मुळीच नाही. मार्लाची पद्धत चर्चेची होती. "तुला काय वाटलं?" हा एक प्रश्न जवळ असला की शिक्षकाला पुस्तकाची गरज पडत नाही, हा शोध तिला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागला.

दुसऱ्या आठवड्यात यादीतल्या हायरम टटलची पाळी आली. हा त्याच जिल्ह्यातला खेचरवाला. १९१८ साली पलटणीबरोबर फ्रान्सला गेला, परत आला आणि पुढे आठवणी लिहून गावच्या छापखान्यात छापून घेतल्या. वाचनालयाने मोडीत काढलेल्या पुस्तकांच्या खोक्यात मार्लाच्या तिर्झाला हे पुस्तक सापडलं. तिर्झा पंधरा वर्षांची, हाताला लागेल ते वाचणारी. दुसरी प्रत शोधूनही मिळेना. म्हणून सहा घरांनी आठवडे वाटून घेतले. शार्लीनने हट्टाने पहिला आठवडा गिडियनसाठी घेतला. मार्लाने शेगडीपाशी उभ्या उभ्या चाळीस पानं वाचली, मलपृष्ठावरचा मजकूर वाचला आणि स्वतःचं नाव यादीत सगळ्यात शेवटी घातलं. मन जरा खात राहिलं, नाही असं नाही. पण बकरी ओरडली आणि ते राहून गेलं.

पुढच्या मंगळवारी तिने धीर करून विचारलं, "गिडियन, किती वाचलंस?"

"आहे तेवढं सगळं."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मार्लाचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास! मग शेवट कसा वाटला?"

गिडियनने मान खाजवली. "मिस मार्ला, ते मधेच थांबतं. वाक्यसुद्धा पुरं होत नाही. पहाटे धुक्यात तो वळून बघतो, आणि काय दिसलं ते सांगायच्या आतच बंद!"

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? पुस्तक हातात घेऊन शेवटचं पान पाहिलं असतं. मार्लाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुलांनो, लिहून घ्या! युद्ध माणसाला वाक्य पुरं करू देत नाही! गावातल्या एका साध्या खेचरवाल्याला हे सुचलं!"

"पण मिस मार्ला, मला वाटतं ती पानं..."

"पानं नाहीत, गिडियन, माणसं! पानांच्या पलीकडे बघायला शीक!"

गिडियनने खांदे उडवले आणि वहीत लिहून घेतलं. एवढ्या खुशीत आलेल्या बाईला कोण दुखावणार!

पुढचे पाच आठवडे त्या अर्ध्या वाक्याने तळघरात नुसता धुमाकूळ घातला. ज्याच्या घरी पुस्तक गेलं तो शेवटाची भक्तीच करायला लागला. भिंतीवर लांबच लांब कागदावर सनावळी लावली होती, त्यात नोव्हेंबर १९१८ ची जागा मुद्दाम कोरी ठेवली गेली. तिर्झाने 'हायरमने काय पाहिलं असेल' यावर नऊ पानांचा निबंध लिहिला. कार्यक्रमात प्रत्येकाने भाषण मधेच तोडायचं आणि त्याच क्षणी दिवा घालवायचा, असंही ठरलं. आणि शेवटी तिर्झानेच बातमी आणली की हायरमची मुलगी ओपल टटल अजून हयात आहे. नव्वदीची आहे, शेजारच्याच गावात राहते!

मार्लाने ताबडतोब फोन करून तिला बोलावलं आणि लगोलग शार्लीनलाही फोन लावला. "प्रत्यक्ष लेखकाची मुलगी येतेय! पाठ्यपुस्तकाच्या लेखकाची मुलगी कधी आली होती का तुमच्याकडे?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तळघर भरलं. लांब टेबलावर हॅम, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसेरोल, सात प्रकारच्या फळांच्या पेस्ट्र्या मांडलेल्या. ओपलबाई चाकांच्या वॉकरवर रेलत आल्या. निळा झगा, मोत्यांची माळ, हातात उशीएवढी पर्स. त्यांना पहिल्या रांगेत शार्लीनच्या शेजारी बसवलं.

पहिलं भाषण गिडियनचं. खेचराच्या खोगिराचं वजन कसं विभागलेलं असतं, हे त्याने पाच मिनिटं इतकं झकास सांगितलं की मागे बसलेले शेतकरी पुढे वाकून ऐकू लागले. शेवटाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मार्लाला ते जरा लागलं, पण पोरगा पाच मिनिटं बोलला तर!

मग दुसरा मुलगा उठला. "आणि त्या सैनिकाला तेव्हा..." म्हणाला, आणि दिवा गेला.

"फ्यूज उडाला वाटतं!" कुणाचे तरी आजोबा म्हणाले. दिवा आला. पुढची मुलगी उठली. "आईला शेवटचं पत्र लिहिताना..." पुन्हा अंधार. "मी सांगत होतो! वायरिंग जुनं आहे!" आजोबा उठले ते थेट फ्यूजच्या पेटीकडे. तिसऱ्या वेळी पोरांनी दिवा घालवला आणि आजोबांनी पेटीतून काहीतरी ओढलं, तेव्हा कॉफीचं यंत्रसुद्धा बंद पडलं. त्यांना हाताला धरून खुर्चीवर परत बसवेपर्यंत तिर्झाची पाळी आली.

तिर्झा मेणबत्तीसारखी ताठ उभी राहिली. "हायरम टटलने त्या पहाटे वळून पाहिलं. काय दिसलं त्याला? मृत्यू? देव? की स्वतःचाच..."

अंधार झाला. आणि त्या अंधारात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"टोपी!"

दिवा लागला. "काय म्हणालात, मिस ओपल?" मार्लाने विचारलं.

"टोपी गं, बाई. आमच्या बाबांची. डचेस नावाचं ते खेचर भारी खादाड. बाबांनी वळून पाहिलं तर निम्मी टोपी तिच्या तोंडात! पुढची सगळी पानं टोपीचीच तर आहेत. तुम्ही वाचली नाहीत का?"

त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं. शार्लीनने चष्मा सावरून दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. "मिस ओपलच्या प्रतीत दोनशे अठ्ठावीस पानं. आपल्यात दोनशे सहा. आणि इथे, शिवणीपाशी, फाटक्या कडा दिसताहेत!" तिने मान वळवली. "गिडियन, तुला दिसल्या नाहीत?"

"पहिल्याच दिवशी दिसल्या. सांगायला गेलो, तर मिस मार्ला म्हणाल्या, पानांच्या पलीकडे बघ."

असा हशा उठला की विचारू नका! फक्त तिर्झा हसत नव्हती. "आई, मी नऊ पानं लिहिली!"

"चांगली लिहिली होतीस गं."

"टोपीवर!"

हसू ओसरल्यावर शार्लीन हळूच म्हणाली, "पोरांचं सोड, मार्ला. पण तुला कसं कळलं नाही? तू तर आधी वाचलं होतंस ना?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. पानं नंतर कुणीतरी फाडली असतील, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ते वाक्य मार्लाच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण तिर्झा तिच्याकडे एकटक पाहत होती, आणि लेकीसमोर ते वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना.

"नाही वाचलं," मार्ला म्हणाली. "चाळीस पानं वाचली. तीही सफरचंदं उकळता उकळता."

तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कॅसेरोलच्या टेबलाखाली शिरावं आणि सगळे घरी गेल्यावर बाहेर यावं, असं तिला झालं.

"मग ठरल्याप्रमाणे..." शार्लीनला स्वतःलाही ते बोलायला जड जात होतं. "पूर्ण म्हणजे पूर्ण. गिडियनचं पुस्तक काही पूर्ण झालं नाही."

"खरं आहे तुझं," मार्ला म्हणाली. चोवीस पुस्तकं तिच्या डोळ्यांसमोरून पुन्हा खोक्यात निघाली.

इकडे गिडियन ओपलबाईंच्या खुर्चीशी उकिडवा बसला होता. "मिस ओपल, सगळी टोपी खाल्ली का हो तिने? बक्कलसुद्धा?"

"वाच की बाळा. माझे डोळे आता कामाचे नाहीत. मोठ्याने वाच, म्हणजे मलाही ऐकू येईल."

आणि गिडियन पेनिंग्टन खुर्ची ओढून वाचायला बसला. अडखळत, फ्रेंच गावांच्या नावांना ठेचकाळत. बक्कलसुद्धा खाल्लं होतं! हायरमने नव्या टोपीसाठी लष्कराला अकरा पत्रं लिहिली. लष्कराने उलट विचारलं की खेचराने हे हेतुपुरस्सर केलं काय? मग चौकशीसाठी एक कॅप्टन आला. त्याने डचेससमोर उभं राहून कागदावर नोंद केली की साक्षीदार काही सांगण्यास तयार नाही. आजोबा हसता हसता खुर्चीवरून घसरले. ओपलबाई प्रत्येक वाक्य गिडियनच्या आधी पुटपुटत होत्या. त्यांना सगळं पाठ होतं.

शेवटच्या पानावर हायरमला टोपी मिळते आणि त्याच दिवशी युद्ध संपतं. पलटणीतले सगळे टोप्या हवेत उडवतात. त्या खाली येताना त्याच्या हाती दुसऱ्याचीच टोपी लागते, दोन मापं लहान. आत नाव लिहिलेलं असतं. तो त्या पोराला तीन दिवस शोधतो, पण ज्याला त्याला घरी जायची घाई असते. शेवटी ती घट्ट टोपी डोक्यावर घालूनच तो मिसूरीला परततो.

"ती अजून माझ्या कपाटात आहे," ओपलबाई म्हणाल्या. "बाबा मरेपर्यंत म्हणायचे, त्याला माझी सैल होत असेल."

गिडियनने पुस्तक मिटलं. शार्लीन पेस्ट्री कापायची सुरी हातात धरून केव्हाची तशीच उभी होती. आपल्या पोराने एका दमात बावीस पानं वाचलेली तिने जन्मात ऐकली नव्हती. तिने डोळे पुसले आणि ते कुणापासून लपवलंही नाही.

"झालं पूर्ण," ती म्हणाली. "पाठ्यपुस्तक राहू दे. पण एक अट आहे. इथून पुढे प्रत्येक पुस्तकावर चाचणी व्हायला हवी."

"घेईन की!" मार्लाचा चेहरा उजळला. "मुलांची दर आठवड्याला..."

"मुलांची कशाला? त्यांनी वाचलंय. तुझी!"

ठराव एकमताने पास झाला. विरोधात हात वर करायला मार्ला विसरली. ती पानं कुणी फाडली ते मात्र कधीच कळलं नाही. ओपलबाईंचा संशय खेचरावर.

जानेवारीतल्या पहिल्या चाचणीचे प्रश्न गिडियनने काढले, उत्तरं तपासलीही त्यानेच. मार्लाला दहापैकी चार गुण मिळाले. खाली लाल शाईत शेरा होता : "हुशार आहे, पण वाचन कमी." त्याखाली पालकाच्या सहीसाठी जागा सोडली होती. मार्लाने तो कागद दोन दिवस पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप तिर्झापुढे सरकवला.