सदतीस गेम आणि एक मनगट

कुमारला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. सेल लागला की त्याच्या हातून गेम सुटत नसे! दिवाळीचा सेल, संक्रांतीचा सेल, उगाचचा सेल. असं करत करत सास्तूरच्या हायस्कुलातल्या या क्लार्कने टीव्हीखालच्या गेमच्या पेटीत सदतीस गेम भरून ठेवले होते. त्यातला शेवटापर्यंत खेळलेला? एकही नाही! एक उघडायचा, पहिल्याच लढाईत मार खायचा, तोवर दुसरा स्वस्त झालेला असायचा.

अडतिसाव्या गेमवर बोट टेकणार, एवढ्यात बायकोने, मंजुषाने, फोनवर हात ठेवला.

"अवो, बास की आता! आधीचं सदतीस काय लोणच्याला घातल्यात?"

"अगं, सवडीनं खेळायचं असतंय ते."

"मग ऐका. रईवारी माझा भाऊ मल्हार येतोय. तवर एक, फकस्त एक गेम शेवटापतुर संपवून दावा. न्हाय संपला तर ही पेटी मल्हारच्या गाडीवर बांधून देते. आन् एक संपल्याबिगर दुसरा उघडायचा न्हाय!"

मंजुषा बोलते ते करते, हे कुमारला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मल्हारच्या गाडीवर बांधलेली पेटी त्याला आत्ताच दिसू लागली. पण नवऱ्याने भ्यालेलं दाखवायचं नसतं.

"एक? हात्तिच्या! आठवड्यात सदतीसच्या सदतीस उडवतो!"

त्यासाठी रजा हवी, आणि रजेसाठी आजार. ताप सांगावा तर कुणीही कपाळाला हात लावून बघतो. बराच विचार करून कुमारने उजवं मनगट निवडलं. मुरगळलं म्हटल्यावर क्लार्क लिहिणार कशाने? सोमवारी मनगटाला रुमाल गुंडाळून तो हेडमास्तर शिवशंकर सरांपुढे उभा राहिला आणि शनिवारपर्यंतची रजा घेऊनच बाहेर पडला. आपल्या हुशारीवर स्वारी इतकी खूश, की शिपाई गोरोबाने विचारलं तेव्हा रुमाल त्यालाही कौतुकाने दाखवला.

इथेच माशी शिंकली. गोरोबाला कळलं म्हणजे सास्तूरला कळलं. आणि माणूस आजारी पडला की त्याला बघायला जायचं असतं, तेही रिकाम्या हाताने नाही, बिस्किटाचा पुडा घेऊन!

घरी येऊन कुमारने गेम लावला. त्यात एक म्हातारा राजा मरतो, मरताना तलवार देतो, आणि ती घेऊन लांडग्यांनी अडवलेला पूल ओलांडायचा. पूल ओलांडेपर्यंत गेम काही लक्षात ठेवत नाही. मधेच पेटी बंद केली की पुन्हा राजाच्या मरणापासून सुरुवात.

राजा मेला. कुमारने तलवार उचलली. तोच दारात चपला वाजल्या! त्याने घाबरून पेटीच बंद केली आणि कंट्रोलर वाकळेखाली सारला.

शेजारचे बब्रुवानअण्णा पुडा घेऊन आत आले.

"कसं काय पडलास रं?"

"मोरीत घसरलो, अण्णा."

"ईट तापवून शेक दे. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं हुतं..."

मेव्हण्याचं मनगट बरं व्हायला पाऊण तास लागला. अण्णा गेले, राजा पुन्हा मेला, आणि विठाबाई आल्या. त्यांना कुमारने गडबडीत जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. तिसऱ्याला मोटारसायकलवरून. मग काय, गावाने तिन्ही पडणी एकत्र केली! संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर कुमारचा हात दोन जागी मोडला होता.

मंगळवार मावळेपर्यंत राजा चौदा वेळा मेला. पूल काही आला नाही. फळीवर पुड्यांची चळत मात्र वाढत चालली.

कुमारची आई नागूबाई माकणीला भावाकडे गेली होती. बातमी तिथेही पोचली. बुधवारी ती भावाच्या मोटारसायकलवर बसून डोळे पुसत आली. भाऊ म्हणजे सिदूमामा. मेंढराचा मोडका पाय बांधावा तर त्यांनीच, असं नाव. माणसांचेही बांधत. फरक त्यांना फारसा वाटत नसे. बगलेत बांबूच्या कामट्या घेऊनच ते आत शिरले.

"मामा, आता उतार हाय. काई न्हाय झालं!" कुमार ओरडला.

"गप बस. मेंढरू बी असंच करतंय."

कुमारने खरं सांगून टाकलं असतं. पण समोर खुर्चीत, हातात पुडा घेऊन, शिवशंकर सर बसले होते!

"बांधून घ्या कुमार," सर म्हणाले. "का उद्यापासून शाळेत येताय?"

कुमारने केविलवाण्या नजरेने मंजुषाकडे बघितलं. ती पदराआड हसू दाबत म्हणाली, "मामा, घट्ट बांधा. लई सोसलंय त्येंनी."

मामांनी मनगट ओढलं. कुमारने अशी बोंब ठोकली की दारातलं कुत्रं उठून गेलं, आणि त्या भरात डावा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटला. मामांनी तोही हातात घेतला.

"ह्यो बी गेला!"

अंडं, हळद, कामट्या, वर धोतराचं फडकं. दोन्ही हात गुढ्यांसारखे उभे! "रईवारपतुर सोडायचं न्हाय," मामांनी बजावलं आणि राखणीला तिथेच मुक्काम ठोकला.

संध्याकाळी मंजुषा घास भरवत होती. कुमारला तो गिळेना.

"मल्हारला पेटी दे," तो म्हणाला. "पर त्यो पूल एकदा वलांडायचा हुता गं." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

मंजुषाचं मन द्रवलं. तिने हात धुतले आणि वाकळेखालून कंट्रोलर काढला. "तलवारीचं बटन कंचं?"

राजा मेला. पूल आला. लांडगे आले!

"पळ! पळ!" कुमार ओरडला. ती पळाली, आणि लांडग्यांनी तिला फाडली. तीनदा!

कोपऱ्यात भाकरी खाणाऱ्या मामांना ते बघवेना. "पोरी, लांडग्यापुढं कुणी पळतंय व्हय? कठड्याला पाठ लाव. म्होरक्यावर नजर ठिव. त्यो हालला की बाकीचं हालतंय."

मंजुषाने पाठ लावली. म्होरक्या झेपावला, तलवार बसली, बाकीचे शेपट्या पायांत घालून पसार! कुमार टाळ्या वाजवायला गेला आणि कामट्या एकमेकींवर आपटून कळवळला.

त्यानंतर त्याला कुणी काही विचारलंच नाही. मामा सांगत, मंजुषा मारी, नागूबाई चहा पुरवी. बघायला आलेलेही पुडा ठेवून टीव्हीपुढे बसत. शनिवारी दुपारी गेम संपला.

रविवारी मल्हार दोर घेऊनच आला.

"संपला!" कुमार छाती काढून म्हणाला. "पेटी हितंच ऱ्हाणार!"

"ऱ्हाणार की," मंजुषा म्हणाली. "पर तुमी संपवायचा हुता, आन् संपवला म्या. आता पेटी माझी."

मामांनी फडकी सोडली, मनगट फिरवून बघितलं. "कसं जुळलंय! मोडलं हुतं असं वाटतंय तरी का?"

"न्हाय वाटत, मामा," कुमार म्हणाला आणि मोकळी बोटं हळूच कंट्रोलरकडे नेली. मंजुषाने दुसरा गेम उघडलासुद्धा होता. वर न बघताच तिने फळीकडे बोट केलं. तिथे एकेचाळीस पुडे होते, गेमपेक्षा चार जास्त.

"तुमी आधी ते संपवा. आन् नेम त्योच, एक संपल्याबिगर दुसरा फोडायचा न्हाय!"

"हात्तिच्या!" कुमार म्हणाला. "आठवड्यात उडवतो!"

दिवेलागणीला नागूबाईने फळी बघितली. अकरा पुडे फोडलेले होते. संपलेला एकही नव्हता.