अरेरे नको, स्टूल द्या

राऊतकाकांना 'नाही' हा शब्द ऐकूच येत नसे.

सिल्वासाच्या आमली भागातल्या दुकानात घासलेटचा डबा घेऊन ते उभे राहिले आणि दुकानदार "आजे नहीं मळे, काका" म्हणू लागला, की काका हळूहळू मान डावीकडे वळवत, निकाल देण्यापूर्वी न्यायाधीश थांबतो तसे थांबत आणि म्हणत, "मग ठरलं तर." एवढं बोलून डबा पुढे सरकवायचा आणि तिथल्याच पोत्यावर बसायचं. दुकानदार आधी हसे, मग चिडे, मग आत जाऊन कुठून तरी घासलेट काढून देई. वापीच्या बसच्या कंडक्टरने "नहीं चाले, काका" म्हटलं, तरी काका "मग ठरलं तर" म्हणून आत चढलेले असत.

नवल म्हणजे आमच्या घरात हाच माणूस गरीब गाय होई. आई "आज भाजणी नाही" म्हणाली की मुकाट परत जाई. आईचा धाक, असं आम्ही समजत होतो.

काका मूळचे पालघरकडचे. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, गेल्यावर सिल्वासात जी नवी कचेरी उभी राहिली, तिच्या जंगलखात्यात ते कारकून होते. त्याआधी बरीच वर्षं लाकडाच्या वखारीत, मोठ्या करवतीपाशी. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. दिवसा कुणाशीही भांडायला तयार, पण दिवेलागण झाली की कुणाच्या ओट्यावर पाय ठेवत नसत. रेडिओला तर "रिकामटेकड्यांचा धंदा" म्हणत. लोक त्यांना शिष्ट म्हणत आणि खरं सांगायचं तर आम्हीही म्हणत होतो.

आता माझं सांगते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझ्या डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि हातात काठी. डोक्याला मात्र काही झालेलं नव्हतं. मला रसायनशास्त्र शिकायचं होतं. सिल्वासात तेव्हा कॉलेज नव्हतं, म्हणून वापीहून गाडीने जावं लागणाऱ्या एका गावात मावशीकडे राहून मी सायन्सला नाव घातलं. त्या गावाचं नाव सांगत नाही. राग अजून पुरता गेलेला नाही आणि नाव घेतलं की तो पुन्हा चढतो.

तिथल्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी उभं राहून काम करायचं. टेबलं उंच, बसायला काही नाही. तासाभरात माझा पाय सुजायचा, पट्ट्या मांसात रुतायच्या. मी स्टूल मागितलं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, "लॅबमध्ये बसायची पद्धत नाही." जणू पद्धत आकाशातून पडली होती. मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. "अरेरे, बिचारी," ते म्हणाले, "बेन, तमे आर्ट्स लई लो ने. आरामथी बेसवानुं."

त्या कॉलेजात दया मागाल तेवढी फुकट मिळत होती, पण चार पायांचं एक लाकडी स्टूल मिळत नव्हतं. प्रॅक्टिकलं पूर्ण झाली नाहीत तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हेही मला गोड आवाजात सांगण्यात आलं.

सुट्टीला घरी आले तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, अर्ज लिहायला बसले. नाना शाळामास्तर. आयुष्यात कुणाला उलटून बोलले नाहीत. "साहेबांनी मेहेरबानी करून" इथपर्यंत त्यांनी लिहिलं होतं, तेवढ्यात काका आले. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"मेहेरबानी? मास्तर, फिरंगी गेले आणि ही ब्याद तुमच्याकडे ठेवून गेले काय? पोरगी बसायला मागते, गादी नाय मागत. चल गो बाय, मीच येतो."

बसमध्ये काका खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. वाटभर मी बोलत होते. त्यांनी एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. मला वाटलं, मनात भाषण जुळवताहेत.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी खुर्ची पुढे केली आणि माझ्याकडे पाहून पुन्हा "अरेरे" म्हणाले.

"अरेरे नको, साहेब," काका उभ्यानेच म्हणाले. "स्टूल द्या."

साहेबांनी समजावलं. एकीला दिलं की सगळे मागतील. शिस्त बिघडेल. शेवटी हात हलवून म्हणाले, "काका, ए नहीं चाले."

साहेब बोलत असतानाच काकांनी हळूहळू मान वळवली. थांबले.

"मग ठरलं तर. सागाचं करून आणतो."

एवढं बोलून काका दाराकडे वळलेसुद्धा. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

काकांनी वखारीतल्या ओळखीच्या सुताराकडून स्टूल करून घेतलं. टेबलाच्या उंचीचं, आणि पाय टेकायला खाली आडवी पट्टी. ते खांद्यावर घेऊन बसने वापी, वापीहून गाडी, असा प्रवास करून त्यांनी ते लॅबमध्ये माझ्या जागेवर ठेवलं. शिपाई आडवा आला. काका म्हणाले, "साहेब चालेल म्हणालेत." ते इतक्या खात्रीने म्हणाले की शिपायाने स्टूल पुसूनसुद्धा दिलं.

मी बसले. पहिल्यांदा माझं लक्ष पायाऐवजी परीक्षानळीकडे राहिलं.

थोड्याच दिवसांत तपासणीला कुणी बडे लोक येणार म्हणून स्टूल अडगळीत गेलं. कारण काय, तर रांगेत एकच स्टूल बरं दिसत नाही. माझा सुजलेला पाय दिसला तर चालत होतं. मी घरी पत्र टाकलं. काका आले, फुटक्या काचसामानातून स्टूल ओढून काढलं आणि थेट प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत, त्यांच्या टेबलापाशी नेऊन ठेवलं.

"ही इथे बसून प्रयोग करील. स्पिरिटचा दिवा कुठे ठेवू?"

साहेबांनी हात जोडले. "लई जाओ, काका. लॅबमां लई जाओ." त्यानंतर त्या स्टुलाला कुणी हात लावला नाही.

मी वर्ष पास झाले. पेढे घेऊन जंगलखात्याच्या कचेरीत गेले. काका पार कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून लिहीत होते. आतल्या खोलीतून त्यांचे साहेब हाका मारत होते, "राऊत! अहो राऊत!" काका लिहीतच होते. शेजारच्या कारकुनाने कागदाचा बोळा करून त्यांच्या पाठीवर मारला, तेव्हा ते दचकून उठले आणि आत गेले. बाकीचे तोंड लपवून हसले.

"वखारीच्या करवतीने कान खाल्ले त्याचे," तो कारकून मला म्हणाला. "डावा तर साफ गेला. साहेबांना वाटतं मुद्दाम उत्तर देत नाय. परवाच ताकीद दिली, पुन्हा असं झालं तर घरी बसवीन म्हणून."

आता मला सगळं उलगडलं. ती न्यायाधीशासारखी मान म्हणजे नुसता उजवा कान पुढे आणणं होतं. मान वळेपर्यंत वाक्याचं तोंड निघून जायचं आणि शेपूट तेवढं कानात पडायचं. गुजरातीत माणसं "नहीं चाले" म्हणतात, काकांना "चाले" ऐकू येई. मराठीत नकार शेवटी येतो, तो बरोबर पोचे. माझी आई धाक घालत नव्हती, मराठी बोलत होती. आणि दिवेलागणीनंतर ते कुणाकडे जात नसत, कारण अंधारात बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या स्टुलासाठी तीनदा गाडीने येणारा हा माणूस स्वतः पाठीवर कागदाचे बोळे खात बसला होता. ते आतली बोलणी ऐकून परत आले तेव्हा मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हटलं, "काका, टेबल दाराकडे तोंड करून ठेवा. साहेबांना सांगा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "नको गो बाय. तुझं शिकायचं होतं, म्हणून मागितलं. माझं काय? बहिरा म्हणतील, बिचारा म्हणतील. नको."

मी हळूहळू मान वळवली. थांबले.

"मग ठरलं तर," मी म्हटलं, काठी भिंतीला टेकवली आणि टेबलाला हात घातला.

मग दुसऱ्या बाजूने त्यांनी टेबल धरलं. पाय फरशीवर करकरले, तसे साहेब बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

काका सरळ उभे राहिले. "साहेब, मला कमी ऐकू येतं. इथून तुम्ही दिसाल."

साहेबांचा चेहरा विरघळला. "अरेरे, राऊत—"

"अरेरे नको, साहेब," मी म्हटलं. "टेबल इथंच राहू दे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि काहीसं पुटपुटत आत गेले. टेबल राहिलं.

त्या दिवशी दिवे लागल्यावर काका पहिल्यांदाच आमच्या ओट्यावर आले आणि पायरीशीच घुटमळले. मी आईला सगळं सांगितलं होतं. तिने खुंटीवरचा कंदील काढला आणि नानांच्या तोंडाशेजारी ठेवला. नानांना उजेडात बोलायची सवय नव्हती, ते लाजले. मग शाळेतली कसलीशी गोष्ट सांगू लागले. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि गोष्ट संपायच्या आधीच हसले.